बादली धरणारे केरूमामा

आमच्या प्रशिक्षण केंद्राची स्मरणिका परवा टपालानं आली. गुळगुळीत कागद, मंत्र्यांचा संदेश, पेंडीच्या आणि द्राक्षांवरच्या औषधांच्या जाहिराती, आणि मधोमध चार पानं 'आमचे निदेशक' या मथळ्याखाली. बारा फोटो. प्रत्येक फोटोखाली पदवी, पदवीखाली सेवेची वर्षं. मी बाराही चेहरे नीट पाहिले. त्यातल्या निम्म्या लोकांनी उभ्या आयुष्यात गायीच्या शेपटीखाली हात घातलेला नाही, हे मी कुठल्याही कोर्टात सांगायला तयार आहे. आणि ज्या एका माणसानं आम्हां सगळ्यांना तो घालायला शिकवलं, त्याचा फोटो नाही, नाव नाही. शेवटच्या पानावर 'इतर कर्मचारीवर्गाचेही सहकार्य लाभले' अशी एक ओळ आहे. केरूमामा पगारे त्या 'इतर'मध्ये आहेत.

मी पत्रकं लिहिणारा माणूस आहे. मला लांबण लावता येत नाही आणि गोड बोलता येत नाही. तरी हे पान मीच लिहितोय, कारण बाकीचे लिहिणार नाहीत. ते नोकरीत आहेत.

अठ्ठ्याहत्तर साली मी तिथं शिकायला होतो. नाशिकला पेठ रोडच्या अंगाला पत्र्याच्या तीन शेड, एक कौलारू इमारत, चौदा जनावरं आणि आम्ही तीस पोरं. कोर्स स्टॉकमनचा. खेड्यात जिथं जनावरांचा डॉक्टर पोचत नाही तिथं लस टोचणारा, जखम बांधणारा, बैल खच्ची करणारा, गाय फळवणारा आणि ती गाभण आहे की नाही हे हातानं तपासून सांगणारा माणूस म्हणजे स्टॉकमन. हे सगळं हाताचं काम. पण शिकवायला सरकारनं जी माणसं गोळा केली होती, ती पाहिली की वाटायचं, कुणीतरी डोळे बांधून बाजारातून उचलून आणलीत.

मुख्य होते डॉ. निकम. जनावरांचे डॉक्टर खरे, पण त्यांचा सगळा जीव पिंपळगाव बसवंतच्या द्राक्षबागेत. गायीच्या रोगांवर बोलताना घसरत घसरत ते द्राक्षांच्या भुरी रोगावर यायचे आणि भुरीवर आले की त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. दुसरे सुभेदार सावंत. फौजेत पंचवीस वर्षं खेचरं सांभाळलेली. त्यांच्या लेखी जगातलं प्रत्येक जनावर म्हणजे कमी शिस्तीचं खेचर. गायीला ते हिंदीत हुकूम द्यायचे. गाय ऐकायची नाही. मग ते आम्हाला म्हणायचे, "लिहून घ्या. ही गाय बेशिस्त आहे." तिसरे बोरसे सर, प्राणिशास्त्राचे बी.एस्सी. वय आमच्यापेक्षा चार वर्षांनी जास्त. मेडिकलला नंबर लागला नाही, त्यांचे सख्खे मामा जिल्हा परिषदेत होते, म्हणून इथं नंबर लागला. त्यांनी बेडूक फाडला होता. बेडकाविषयी ते फार छान बोलत.

आणि गोठ्याच्या दाराशी खाकी शर्ट, खाकी अर्धी चड्डी घालून, एका हातात पाण्याची बादली आणि दुसऱ्या हातात साबणाची वडी धरून उभे असत ते केरूमामा. कागदावरचा हुद्दा व्रणोपचारक, बोलण्यातला ड्रेसर. जखमा धुणारा, पट्ट्या बांधणारा. निकमसाहेब त्यांना "ए पगारे" म्हणत. बोरसे सर, वयानं त्यांच्या मुलासारखे, तेही "ए पगारे" म्हणत. आम्ही पोरं 'मामा' म्हणायचो.

मामा बुटके होते. दंड मात्र पैलवानाचे, आणि डावा उजव्यापेक्षा जाड, कारण आयुष्यभर डावा हात जनावराच्या पोटात. रोज सकाळी नळावर उभे राहून ते ड्रेसिंगच्या वाकड्या कात्रीनं स्वतःची नखं काढत. रोज. वाढलेली असोत नसोत. मग आम्हाला रांगेत उभं करून आमची बघत.

"हात दाव. ही काय नखं हाय का खुरपी? आत तिला लागतं. ती बोलत नाय म्हणून काय झालं?"

तंबाखू खायचे, पण गोठ्यात थुंकायचे नाहीत. कौतुक करायची त्यांना ॲलर्जी होती. अगदी बरोबर उत्तर दिलं तर म्हणायचे, "हां. आता हात धू." आणि माणसांना नावं ठेवण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. निकमसाहेबांच्या हातात बांबूची एक छडी असायची, म्हणून मामांच्या तोंडी साहेबांचं नाव 'काठी'. "काठी आली का?" "काठी बागंत गेली." बोरसे सर म्हणजे 'बेडूक'. मी त्या वेळी एका युवक संघटनेत होतो, खिशात कायम चार पत्रकं असायची. पहिल्याच आठवड्यात माझं बारसं झालं.

"ये पत्रक! हिकडं ये. हात दाव."

सुभेदारांचा तास संपला की मामांचा सुरू व्हायचा. वेळापत्रकात तो नव्हता. सुभेदार गायीचा पाय उचलायला शिकवायचे म्हणजे गायीच्या मागं उभं राहून "पैर उठाओ!" असं ओरडायचे. एकदा गायीनं खरंच उठाया. सुभेदार शेणात बसले. ते कपडे बदलायला गेल्यावर मामा त्या गायीजवळ गेले, शेपटीच्या मुळाशी खाजवलं, म्हणाले, "बाय, लेकरं शिकायला आलीत. जरा दमानं घे." आणि मांडीवरून हात खाली नेत नेत पाय अलगद हातात घेतला. "जनावराला आधी सांगायचं आपण कुठं हाय ते. अंधारात आपल्यालाबी कुणी पायाला धरलं तर आपण लाथच मारू का नाय?"

आता पोत्याचं सांगतो, कारण सगळं तिथूनच.

गाभण तपासणं हे आमच्या कामातलं सगळ्यात अवघड. डोळ्यांनी काही दिसत नाही. हात आत घालून आतड्याच्या पडद्याआडून गर्भाची पिशवी चाचपायची आणि सांगायचं, रिकामी की भरलेली, भरलेली तर कितवा महिना. चौदा जनावरांवर तीस पोरांनी रोज हात घातला तर जनावरं मरतील. निकमसाहेबांनी यावर काढलेला उपाय म्हणजे फळ्यावर आकृती. मामांचा उपाय वेगळा होता. ते दर गुरुवारी सायकलवरून कत्तलखान्यात जायचे, कापलेल्या म्हशींच्या पिशव्या मागून आणायचे, एक रिकामी, एक दोन महिन्यांची, एक चार महिन्यांची. शेडच्या दोन खांबांमध्ये गायीच्या पाठीच्या उंचीला ओलं गोणपाटाचं पोतं आडवं बांधलेलं. पिशवी त्याच्या तळाशी. आपण पोत्याच्या तोंडातून डावा हात खांद्यापर्यंत घालायचा.

"डोळं मीट. डोळं उघडं ठेवलं की माणूस अंदाज करतो. हाताला बघू दे."

दोन महिन्यांत नाहीतर तीन महिन्यांत, ज्याचा हात बघायला शिकायचा, त्याला मामा सांगायचे, "हां. आता हात धू." आणि धुतल्यावर जखमांना लावायच्या जांभळ्या औषधात काडी बुडवून त्याच्या डाव्या अंगठ्याच्या नखावर एक ठिपका ठेवायचे. ते औषध नखावरून जाता जात नाही. नख वाढेल तसं पुढं सरकतं. चार-पाच महिने पोरगा ते मिरवायचा. आमच्या प्रात्यक्षिकाच्या वहीत 'शिकवणाऱ्याची सही' असा रकाना होता, त्यात बोरसे सर साहेबांच्या खोलीत पंख्याखाली बसून एका दमात तीस वह्यांवर सह्या ठोकायचे. त्या सहीला आम्ही काडीची किंमत देत नव्हतो. नख जांभळं झालं की पास.

माझं नख कधी जांभळं झालं नाही. मी पोत्यात हातच घातला नाही.

सरळ सांगतो. आमच्या आज्यापणज्यांनी गावची मेलेली ढोरं ओढली, सोलली. बापाच्या पिढीनं ते सोडलं. ठरवून सोडलं, त्यापायी मार खाल्ला, गाव सोडलं, पण पुन्हा ढोराला हात लावला नाही. आणि इथं आमच्याच समाजाचा, घरात जयभीम घालणारा हा माणूस सरकारी खाकी घालून दर गुरुवारी कत्तलखान्यातून मेलेल्या म्हशीची आतडी-पिशव्या सायकलला लटकवून आणतो! मला संताप यायचा. एकदा सगळ्यांसमोर मी बोललो.

"मामा, जे आपण सोडलं तेच तुम्ही करताय. फक्त आता मालक गाव नाही, सरकार आहे."

मामांनी पोत्याची गाठ आवळली. मग म्हणाले, "माझ्या बापानं ढोर वढलं, सोललं. त्याला आत काय कुठं हाय ते सगळं ठाव व्हतं. उभ्या जन्मात त्याला कुणी इचारलं नाय, की बाबा, आत काय हाय? मला तीस पोरं इचारतात. पाटलाची हायेत, देशपांड्याची हायेत. वही घेऊन इचारतात. ह्यात तुला फरक दिसत नाय?"

"नाही दिसत."

"मंग तू डोळं मीट," मामा म्हणाले. पोरं हसली. मी निघून गेलो. मला वाटलं, हसण्यावारी नेणं हे गुलामाचं जुनं हत्यार. तसं मी वहीत लिहूनही ठेवलं होतं.

माझा राग पक्का झाला तो शवविच्छेदनाच्या दिवशी. केंद्रातला म्हातारा बैल मेला. निकमसाहेब नाकाला रुमाल लावून सहा फुटांवर उभे. मामांनी बैल उघडला, एकेक अवयव काढून पत्र्यावर मांडला. साहेब पुस्तक बघून छडीनं दाखवायचे. "हे यकृत," साहेब म्हणाले, आणि छडी टेकली तिल्लीवर. मी तोंड उघडणार तेवढ्यात मामा पाणी मारायच्या निमित्तानं वाकले आणि एका हातानं तिल्ली बाजूला, दुसऱ्या हातानं यकृत छडीखाली. साहेबांना पत्ताही नाही. "हे मूत्रपिंड." छडी भलतीकडं. मामांनी मूत्रपिंड सरकवलं. तासभर हे चाललं होतं. छडी फिरायची आणि अवयव तिच्याखाली पळत यायचे. पोरं खालचा ओठ चावून लिहून घेत होती.

नंतर मी मामांना नळावर गाठलं. "ती तिल्ली होती."

"व्हय."

"मग साहेबाची अब्रू झाकायला तुम्ही सरकवता?"

"साहेब गेला खड्ड्यात. पोरं लिवून घेत व्हती ना? ती चुकीचं लिवून घेतील त्याचं काय? नाव बरोबर ऱ्हायलं, जिन्नस बरोबर ऱ्हायला. काठी कुणाची का असंना."

मला ते उत्तर पटलं नाही. मी ते मनात सुद्धा नोंदवलं नाही. नोंदवायला हवं होतं.

त्याच पावसाळ्यानंतर एक परिपत्रक आलं. ज्या व्रणोपचारकांना दहा वर्षं प्रत्यक्ष शिकवण्याचा अनुभव आहे, त्यांना 'प्रात्यक्षिक निदेशक' म्हणून घेता येईल. ते मी मामांना वाचून दाखवलं तेव्हा ह्या माणसाला मी पहिल्यांदा गडबडलेला पाहिला. साबण हातातून सुटला. निदेशक म्हणजे पांढरा कोट. निदेशक म्हणजे वहीत सही. अर्ज मी भरला: 'गेली बारा वर्षे सर्व प्रात्यक्षिके मीच घेत आहे.' मामा अंगठाबहाद्दर नव्हते, पण अक्षर अक्षर जोडून वाचायचे, आणि सही त्यांनी कधी मन लावून केलीच नव्हती. ती त्यांनी शिकायला घेतली. शेडच्या चुन्याच्या भिंतीवर जांभळ्या औषधात काडी बुडवून. 'के. बं. पगारे', खाली एक रेघ, रेघेखाली दोन टिंबं. आठवड्याभरात अर्धी भिंत जांभळी झाली. पंचवटीतल्या एका शिंप्याकडं त्यांनी पांढऱ्या कोटाचं कापडही टाकलं. कोट शिवून आला तो त्यांनी कागदात गुंडाळून औषधाच्या कपाटात वरच्या फळीवर ठेवला. आम्हाला दाखवला नाही. आम्ही तो चोरून पाहिला. डाव्या बाजूला खिसा, खिशाला पेनासाठी वेगळी शिवण.

अर्जावर निकमसाहेबांची शिफारस हवी होती. साहेब म्हणाले, बघू. दोन महिने ते बघत होते. मग मी माझं हत्यार काढलं. रविवार कारंज्यावरच्या छापखान्यात पत्रक छापलं. 'खोट्या सह्यांचं केंद्र!' त्यात सगळं होतं. डॉक्टर बागेत असतात. सह्या बेडूक फाडणारे करतात. आणि शिकवतो कोण? तर एक व्रणोपचारक! श्रम त्याचे, सही दुसऱ्याची! सीबीएस बसस्टँडवर दोन दिवस उभं राहून मी ते वाटलं. एक प्रत पुण्याला खात्याच्या मुख्य कचेरीत पाठवली.

मामांनी पत्रक हातात घेतलं, उलटं-सुलटं केलं. "माझं नाव कशाला टाकलं?"

"तुमच्यासाठीच लढतोय, मामा."

"इचारलं असतं तर बरं झालं असतं," एवढंच म्हणाले.

पंधरा दिवसांत पुण्याहून चौकशीचं पत्र आलं आणि सूचनाफलकावर लागलं. 'चौकशी' हा शब्द वाचून मी पोरांना चहा पाजला. पत्रकाला सरकार हललं! पत्र दोन पानी होतं. मी पहिलं पान वाचलं.

चौकशीच्या दिवशी व्हरांड्यात टेबल, टेबलामागं पुण्याचे साहेब, बाजूला निकमसाहेब घाम पुसत, आणि समोर आम्ही तीस जण रांगेत. टेबलावर दोन कागद: माझं पत्रक आणि मामांचा अर्ज. साहेबांची नजर आमच्या हातांवर गेली.

"या मुलांच्या नखांना काय झालंय?"

एकोणतीस अंगठे मुठीत गेले. माझा एकट्याचा उघडा राहिला, कोरा.

"औषध सांडलं, साहेब," मागून मामांचा आवाज आला. बादली खाली ठेवून ते पुढं आले.

"पगारे तुम्ही? इथली प्रात्यक्षिकं तुम्ही घेता, असं या पत्रकात आहे. तुमच्या अर्जातही आहे. खरं आहे का?"

एक 'हो'. बारा वर्षांचा हिशेब एका 'हो'त चुकता होणार होता. निकमसाहेब, बोरसे सर, ती छडी, सगळं एका शब्दात.

"नाय साहेब."

"मग हा अर्ज?"

"पोरानं भरला. त्याला वाटलं आसंल."

"मग तुम्ही करता काय?"

"बादली धरतो."

"आणि?"

"साबण देतो, साहेब."

बोरसे सर फिस्सकन हसले. पुण्याच्या साहेबांनी जबाब लिहिला, 'मी शिकवत नाही, कधीही शिकवले नाही,' आणि कागद पुढं सरकवला. मामांनी पेन घेतलं. सावकाश, काळजीनं सही केली. के. बं. पगारे. खाली रेघ. रेघेखाली दोन टिंबं. जी सही आमच्या वह्यांवर करायची म्हणून त्यांनी भिंत रंगवली होती, ती त्यांनी पहिल्यांदा कागदावर केली ती अशी.

मी त्यांच्याकडं पाहिलं नाही. त्याच आठवड्यात दुसरं पत्रक लिहिलं, 'गुलामीची बादली'. त्यात नाव घेतलं नव्हतं, पण नाशिकमध्ये बादली धरणारे दुसरे कोण होते? काय काय लिहिलं ते इथं पुन्हा लिहिणार नाही. चांगलं लिहिलं होतं. जोरदार.

गठ्ठा घेऊन मी केंद्रात आलो तर सटाण्याचा अहिरे आडवा आला. शांत पोरगा, वर्षभरात माझ्याशी दहा वाक्यं बोलला असेल. त्यानं एक पत्रक वाचलं आणि म्हणाला, "तू येडा शे का रे?" मग माझा दंड धरून मला सूचनाफलकापाशी नेलं आणि त्या पत्राचं दुसरं पान उलटून बोट ठेवलं. अनर्ह व्यक्तीकडून प्रात्यक्षिके घेतली गेल्याचे आढळल्यास चालू व मागील दोन तुकड्यांची प्रमाणपत्रे रद्द समजण्यात येतील.

सरकारच्या एका कागदाला मामा शिकवतात याचा पुरावा हवा होता. दुसऱ्या कागदाला तोच पुरावा गुन्हा होता. आणि दुसरा कागद माझ्यामुळं आला होता.

"मामांनी मना कडून दोनदा वाची लिधं हे," अहिरे स्वतःच्या छातीवर बोट ठेवत म्हणाला. "तू वाचं नही. तू कागदवाला ना?"

मग त्यानं माझ्या हातातला गठ्ठा घेतला आणि शेणखताच्या खड्ड्यात टाकला. मी अडवलं नाही. पण मामांची माफीही मागितली नाही. आमच्या चळवळीत निवेदनाचा नमुना असतो, निषेधाचा असतो. माफीचा कुणी मला शिकवला नव्हता. मामांनीही विषय काढला नाही. दुसऱ्या दिवशी रांगेत, "ये पत्रक, हात दाव." तसंच. फक्त पुढच्या महिन्यात जखमी कालवडीच्या पायाला बांधलेल्या पट्ट्या फार चांगल्या कापडाच्या निघाल्या. एका पट्टीला पेनाच्या खिशाची शिवण तशीच होती.

प्रात्यक्षिक निदेशक बोरसे सर झाले. स्मरणिकेत पान नऊवर आहेत ते, पांढऱ्या कोटात.

मला पहिल्या वर्गाचं प्रमाणपत्र मिळालं. बागलाणात एका गावी नेमणूक झाली. आठ महिने टिकलो. तिथं एका बाईची गाय माजावर आली म्हणून दाखवायला आणली. मी हात घातला, चाचपलं, काही कळलं नाही, तोंडावर मात्र आत्मविश्वास आणला आणि गाय भरवली. ती आधीच गाभण होती. गाभण गायही कधी कधी माज दाखवते, हे मामांनी पोत्यापाशी पोरांना सांगितलं तेव्हा मी बाहेर पत्रक लिहीत होतो. चौथ्या दिवशी तिनं गर्भ टाकला. बाई ओरडली नाही. दावं हातात धरून माझ्या दारात उभी राहिली आणि विचारलं, "तुले कोनी शिकाडं रे, भाऊ?"

माझ्या प्रमाणपत्रावर निकमसाहेबांची सही होती. मी त्यांचं नाव सांगितलं. त्या एका दिवशी ते नाव अगदी बरोबर होतं.

नोकरी सोडून मी पूर्णवेळ संघटनेत गेलो. मामा निवृत्त झाल्याचं कुणाकडून तरी कळलं. निरोपसमारंभ झाला नाही. व्रणोपचारकाचा करत नाहीत.

शेवटचे दिसले ते दोन वर्षांपूर्वी, पिंपळगाव बसवंतला. बाजार समितीच्या मागच्या मोकळ्या पटांगणात वांझ जनावरांच्या तपासणीचं शिबिर होतं. मी तिथं सरकारी भोंगळपणावर पत्रकं वाटायला गेलो होतो. मंडपात बोरसे सर माईकवर. मंडपाबाहेर टेम्पोंच्या सावलीत साठसत्तर गायी-म्हशी आणि त्यांच्यामागं आमचे जुने स्टॉकमन, खांद्यापर्यंत हात बरबटलेले. आणि कडेला रिकाम्या कांद्याच्या गोण्यांच्या ढिगावर धोतर, पांढरी टोपी, एक म्हातारा. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. पण ज्याला शंका येईल तो स्टॉकमन हात न धुताच त्याच्याकडं जात होता, काहीतरी सांगत होता, तो काहीतरी विचारत होता, आणि स्टॉकमन परत गायीकडं जात होता. अहिरे माझ्यासमोर दोनदा गेला.

मी जवळ गेलो. मामांनी डोळे बारीक केले. "पत्रक का रे तू?"

"हो, मामा."

"हात दाव."

मी दाखवले. नखं वाढलेली, बोटांना शाई. मामांनी मान हलवली, कनवटीची वाकडी कात्री काढली आणि माझा डावा हात मांडीवर घेऊन पाचही नखं काढली. मग बादली उचलली, साबण माझ्या हातात दिला.

"ती तांबडी गाय. जा."

"मामा, मी नोकरीत नाही आता."

"गायीला काय ठाव?"

मी बाह्या वर केल्या. त्यांनी गायीच्या शेपटीच्या मुळाशी खाजवलं, तिच्याशी काहीतरी बोलले. मी हात घातला.

"डोळं मीट."

मिटले. आत ऊब होती आणि काळोख. बोटांना काहीतरी गोल लागलं, निसटलं, पुन्हा लागलं. मी बराच वेळ घेतला.

"तीन महिने," मी म्हणालो.

मी हात काढला आणि मामांनी माझ्या जागी येऊन डावा हात घातला. अर्धा मिनिट.

"रिकामी हाय," ते म्हणाले. "ते मूत्राशय व्हतं."

साहेबाच्या छडीखाली यकृत सरकवणारा माणूस. माझ्या हाताखाली त्यांनी काहीही सरकवलं नाही.

"हात धू," म्हणाले आणि बादली माझ्यापुढं धरली.